लिस्बनचे दोन दिवस : चढ गाडीने, उतार पायी

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबरमध्ये पाच जण लिस्बनला जाणार आहेत : त्या स्वतः, नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. शुक्रवारी दुपारी विमान उतरतं, सोमवारी सकाळी पोर्तोची रेल्वे आहे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाई शाकाहारी आहेत. यादीत किल्ला, बेलेमचा बुरूज, जेरोनिमोस मठ, अठ्ठावीस नंबरची ट्राम, सांता जुस्ता लिफ्ट, टाइल्सचं संग्रहालय, सिंत्रा आणि काश्काइश आहे. हे सगळं बसेल का?

ताई, नाही बसणार, आणि ओढूनताणून बसवूही नका. मी बरीच वर्षं लिस्बनमध्ये राहते आणि आपल्याकडून येणाऱ्या कुटुंबांना हे शहर दाखवते. माझा अनुभव असा की लिस्बनमध्ये माणूस अंतरानं दमत नाही, चढानं दमतो. नकाशावर दोन ठिकाणं बोटभर अंतरावर दिसतात, पण मध्ये अख्खी टेकडी उभी असते. म्हणून इथे दिवस आखताना ‘जवळ काय’ हे बघू नका, ‘वर काय आणि खाली काय’ हे बघा. चढ गाडीनं करायचा, उतार पायी. हे एवढं पाळलंत तर दोन दिवसांत शहर खरोखर बघून होतं, आणि संध्याकाळी सासरेही हॉटेलवर हसत परततात.

आधी यादीतून सिंत्रा आणि काश्काइश ही शहराबाहेरची ठिकाणं काढा. सिंत्रा सुंदर आहे यात वादच नाही, पण रोस्सिओ स्टेशनवरून रेल्वेनं चाळीस मिनिटं, पुढे डोंगरावर जाणाऱ्या बसची रांग, मग पेना राजवाड्याची ठरलेल्या वेळेची तिकिटं, यात एक अख्खा दिवस जातो आणि त्यातला निम्मा रांगेत. तुमच्याकडे पूर्ण दिवस दोनच आहेत. सिंत्राला गेलात तर लिस्बनसाठी उरतो एक, आणि एका दिवसाचं लिस्बन म्हणजे नुसती धावपळ.

राहायची जागा बायशा भागात घ्या. नदीकाठचा हा सपाट, सरळ रस्त्यांचा भाग आहे, मेट्रोही तिथेच. टेकडीवरच्या जुन्या आल्फामा भागातली घरं फोटोत फार गोड दिसतात, पण तिथल्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, बॅगा उचलून पायऱ्या चढाव्या लागतात. बायरू आल्तू भागात रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो. सासू-सासरे बरोबर असताना दोन्ही नकोत. विमानतळ शहराला अगदी लागून आहे, त्यामुळे टॅक्सीनंच या. फक्त एक लक्षात ठेवा : साध्या टॅक्सीत चार जण बसतात, तुम्ही पाच. मोबाइलवरून गाडी मागवताना मोठी मागवा.

शुक्रवारची दुपार बायशासाठीच ठेवा, आणि सुरुवात नदीकाठच्या मोठ्या चौकातून करा. याचं नाव प्रासा दु कोमेर्सियो, पण इथले लोक अजूनही त्याला जुन्या नावानं तेर्रेइरू दु पासू, म्हणजे राजवाड्याचं पटांगण म्हणतात. तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या इमारती, चौथ्या बाजूला थेट तेजो नदी. राजवाडा मात्र कुठेच दिसणार नाही. तो का दिसत नाही हे मुलीला तिथेच उभं राहून सांगा, म्हणजे पुढचे दोन दिवस तिला प्रत्येक गोष्टीचा अर्थ लागत जाईल.

1 नोव्हेंबर 1755. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या सुमारास सगळी चर्च भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. त्याच वेळी प्रचंड भूकंप झाला. लोक जीव वाचवायला मोकळ्यावर, नदीकाठी धावले, आणि थोड्या वेळानं नदीतून त्सुनामीच्या लाटा आत घुसल्या. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस शहर जाळत राहिली. नदीकाठचा राजवाडा, त्यातलं ग्रंथालय, चित्रं, शेजारची ‘काझा दा इंडिया’, म्हणजे गोवा-कोचीकडून येणाऱ्या मिरी-दालचिनीचा हिशोब ठेवणारी कचेरी, सगळं गेलं. राजा जोझे पहिला यानं त्या दिवसापासून दगडी छताखाली राहायची इतकी धास्ती घेतली की त्याच्यासाठी आजुदाच्या टेकडीवर लाकडी महाल उभारावा लागला.

शहर पुन्हा उभं करायचं काम त्याचा मंत्री, पुढे पोंबालचा मार्किस म्हणून ओळखला गेलेला माणूस, यानं हातात घेतलं. तुम्ही चालाल ते बायशाचे काटकोनातले रस्ते त्याच्या इंजिनिअरांनी आखलेले आहेत. धंद्यांप्रमाणे रस्त्यांना नावं दिली : सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा. घरांच्या भिंतींत आडव्या-उभ्या-तिरक्या लाकडांचा पिंजरा बसवला, म्हणजे जमीन हलली तरी घर लवचीकपणे तग धरेल. तो पिंजरा बाहेरून दिसत नाही, पण एकाच उंचीच्या, एकाच धाटणीच्या खिडक्यांची रांग बघितलीत की कळतं, हे सगळं एका हुकमानं उभं राहिलेलं शहर आहे. आल्फामाची टेकडी मात्र पक्क्या खडकावर असल्यानं बरीचशी वाचली. म्हणून शुक्रवारी बायशा आणि शनिवारी आल्फामा हा क्रम उलटा करू नका. आधी नवं शहर, मग जुनं, असं बघितलं की फरक डोळ्यांत भरतो.

बायशातून वरच्या शियादू भागात जायला जिने चढायची गरज नाही. बायशा-शियादू मेट्रो स्टेशनात खालच्या दारानं शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वरच्या दारानं बाहेर पडा. तिकीट लागत नाही. तिथून दोन-तीन मिनिटांवर कार्मोचं चर्च आहे. 1389 मध्ये सुरू झालेला हा मठ. भूकंपात छप्पर कोसळलं आणि नंतर ते पूर्ण बांधलंच नाही. नुसत्या दगडी कमानी उघड्या आभाळाला टेकलेल्या आहेत. लिस्बनमध्ये एकच तिकीट काढायचं म्हटलं तर मी कित्येकांना हे काढायला सांगते. रविवारी ते बंद असतं, म्हणूनही शुक्रवारच बरा.

कार्मोच्या बाहेरच्या लहानशा चौकात थोडं थांबा. 25 एप्रिल 1974 ला पोर्तुगालमधली जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही याच चौकात संपली. पंतप्रधान मार्सेलो काइतानो शेजारच्या गार्डांच्या मुख्यालयात लपून बसला होता, बाहेर कॅप्टन साल्गैरू माया याचे सैनिक आणि गर्दी. संध्याकाळी काइतानोनं शरणागती पत्करली. याचा आपल्याशी सरळ संबंध आहे. गोवा 1961 च्या डिसेंबरमध्ये मुक्त झाला, पण पोर्तुगालनं ते मान्य केलं नव्हतं. गोवा, दमण, दीव, दादरा-नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार झाला तो या क्रांतीनंतर, 31 डिसेंबर 1974 ला. सासरेबुवांना तो काळ आठवत असेल, त्यांना इथे नक्की आणा.

सांता जुस्ता लिफ्ट कार्मोच्या मागेच आहे. 1902 ची, लोखंडी, देखणी. खालून रांग लावून वर येण्यात तासभर घालवू नका, ती बाहेरून बघायचीच वस्तू आहे. उतारावरच्या जुन्या फ्युनिक्युलर, म्हणजे दोरानं ओढल्या जाणाऱ्या गाड्यांवरही बेत आखू नका. 3 सप्टेंबर 2025 ला ग्लोरिया फ्युनिक्युलरला भीषण अपघात झाला, 16 जण गेले, आणि त्यानंतर या गाड्या थांबवण्यात आल्या. निघण्याआधी काय चालू आहे ते बघून घ्या.

शनिवार आल्फामाचा. सकाळी नऊला गाडी मागवून थेट सेन्योरा दु मोंती या ठिकाणावर जा. शहरातल्या सगळ्यात उंच जागांपैकी ही एक. समोर किल्ला, खाली काल पाहिलेला बायशाचा चौकटीचा पट, पलीकडे नदी आणि लाल पूल. इथून पुढे दिवसभर मुख्यतः उतरत जायचं आहे.

किल्ल्याबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. सांव जॉर्जचा किल्ला बाहेरून, लांबून बघा. आज दिसणाऱ्या तटबंदीचा बराच भाग 1938 नंतरच्या काही वर्षांत डागडुजी करून उभा केलेला आहे, आत बघण्यासारखं तसं कमी, आणि वरून जो देखावा दिसतो तो सेन्योरा दु मोंतीवर फुकट दिसतो. रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला तटावर चालण्याचं फारसं अप्रूप वाटणार नाही. मुलीनं हट्टच धरला तर बापलेकीनं प्रासा दा फिगैरावरून 737 नंबरची बस पकडून किल्ला उघडताच जाऊन यावं. पायी जायचंच झालं तर रुआ दुश फांकैरुशवर एक सार्वजनिक लिफ्ट आहे, ती वरच्या रस्त्यावर सोडते, आणि थोडं पुढे सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट आहे. दोन्ही फुकट. अर्ध्याहून जास्त चढ त्यातच सरतो.

सेन्योरा दु मोंतीवरून ग्रासामार्गे खाली सांव व्हिसेंत द फोरा या मठात या. गाइड मंडळी याच्यावरून भराभर पुढे जातात, तुम्ही जाऊ नका. पोर्तुगालच्या ब्रागांझा घराण्याच्या समाध्या इथे आहेत आणि त्यात कातारिना, म्हणजे आपण इतिहासात वाचलेली ब्रागांझाची कॅथरीन आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी तिचं लग्न ठरलं तेव्हा 1661 च्या करारात मुंबई बेट आंदण म्हणून दिलं गेलं. ज्या बाईच्या लग्नामुळे मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे गेली, तिची समाधी लिस्बनच्या टेकडीवर आहे आणि मुंबईहून येणारे बहुतेक पर्यटक तिच्या दारावरून ट्रामचा फोटो काढत पुढे जातात, याचं मला फार वाईट वाटतं. मठातच निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर प्राण्यांच्या बोधकथा चितारलेल्या आहेत. त्या मुलीला आवडतील. टाइल्सचं मोठं संग्रहालय पूर्वेला बरंच लांब आहे, ते यावेळी सोडलंत तरी इथे ती हौस भागते. मठाच्या मागच्या मैदानात मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो : जुनी भांडी, टाइल्स, रेकॉर्डी, किल्ल्या, कपडे. तुमचा शनिवार आहे, तासभर हाताशी ठेवा.

तिथून ट्रामच्या रुळांच्या कडेनं पोर्ताश दु सोल आणि त्याला लागून असलेलं सांता लुझिया या नदी दिसणाऱ्या जागांवर या. मध्ये एक लहानसा चढ लागतो. सांता लुझियाच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर टाइल्सचे दोन मोठे चित्रफलक आहेत. सगळे जण पाठ करून नदीचा फोटो काढतात, तुम्ही वळून भिंतीकडे बघा. एका चित्रात भूकंपापूर्वीचा तो नदीकाठचा चौक आहे, राजवाड्यासकट. काल जिथे उभे होतात, तीच जागा. दुसऱ्यात 1147 मध्ये आफोन्सो एन्रिकेश या राजानं मुसलमान राज्यकर्त्यांकडून किल्ला घेतला तो प्रसंग आहे.

आता गुडघ्यांचा प्रश्न. पायऱ्या उतरताना गुडघे चढण्यापेक्षा जास्त दुखतात, हे सासऱ्यांना ठाऊक असणारच. म्हणून सांता लुझियापाशी दोन गट करा. सासू-सासऱ्यांनी एका मोठ्याबरोबर ट्रामच्या रस्त्यानं उतरत से या कॅथेड्रलला जावं. रस्ता उताराचा आहे पण पायऱ्या नाहीत. बाकीच्या दोघांनी पायऱ्यांनी आल्फामाच्या पोटात शिरावं : वाळत घातलेले कपडे, दारात बसून गप्पा मारणाऱ्या आज्या, सार्डिनचा वास, दोन माणसं जेमतेम जातील एवढ्या गल्ल्या. रस्ता चुकला तरी हरकत नाही, उतरत राहिलं की नदी येतेच. खाली फादो या इथल्या पारंपरिक गाण्याच्या संग्रहालयाच्या चौकात पोचून मग सेकडे वळावं. से 1147 नंतर लगेच बांधायला घेतलं, म्हणजे या शहरातली फार जुनी वास्तू. जाड भिंती, दोन ठेंगणे मनोरे, बाहेरून गढीसारखं. भूकंपाचे घाव सोसून उभं आहे.

आणि बूट. इथले फुटपाथ चुनखडीच्या गुळगुळीत चौकोनी दगडांचे असतात, दिसायला नक्षीदार, पण पावसाच्या चार थेंबांनी शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे होतात. ऑक्टोबरात पाऊस येऊ शकतो. चांगल्या पकडीचे रबरी तळाचे बूट सगळ्यांनाच घ्या, सासूबाईंनाही. साडीखाली चालतात, इथे कोणी बघत नाही.

रविवारी बेलेम, पण सकाळी नाही. जेरोनिमोसच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा आत हिंडता येत नाही. म्हणून सकाळी दहाला जानेलाश व्हेर्देशच्या प्राचीन कला संग्रहालयात जा. तुमच्या यादीत ते नव्हतं, मी आग्रहानं घालते आहे. तिथे सोन्याचं एक पूजापात्र आहे, 1506 चं. वास्को द गामानं दुसऱ्या सफरीत पूर्व आफ्रिकेतल्या किल्व्याच्या राजाकडून खंडणी म्हणून आणलेल्या सोन्यातून ते घडवलं. जपानी पडदे आहेत, ज्यांवर जपानी चित्रकारांनी पोर्तुगीज व्यापारी काढलेत : लांब नाकं, फुगीर विजारी. आणि भारतीय कारागिरांनी पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी केलेली हस्तिदंताची आणि लाकडाची कामं आहेत. वसई-गोव्याची जुनी चर्च पाहिलेल्यांना त्या कोरीवकामात ओळखीचा हात दिसतो. मागे नदीकडे तोंड करून बाग आणि उपाहारगृह आहे, जेवण तिथेच उरका.

मग गाडीनं बेलेमला. जेरोनिमोस मठाचं बांधकाम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मानुएलनं सुरू केलं, पैसा आला तो आफ्रिका आणि पूर्वेच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. म्हणजे मलबारच्या मिरीनं बांधलेलं देऊळ म्हणा ना. दगडात पिळलेले दोर, शिंपले, खगोलाचे गोल कोरले आहेत. आत दारापाशीच एका बाजूला वास्को द गामाची समाधी, दुसऱ्या बाजूला कवी कामोंइशची, जो स्वतः गोव्यात राहिला होता. गामा 1524 मध्ये कोचीत वारला, अवशेष नंतर इकडे आणले. लोक या दोन समाध्या बघून परततात. तुम्ही पुढे वेदीपर्यंत जा. राजांच्या समाध्यांची वजनं संगमरवरी हत्तींनी पाठीवर पेलली आहेत. शेजारच्या दुमजली ओवऱ्यांचं तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा, उन्हात रांग मोठी असते.

बेलेमचा बुरूज आत जाऊन बघायचा नाही. एकच अरुंद गोल जिना आहे, सासऱ्यांना तो नको. बाहेरून मात्र नीट बघा, कारण एका कोपऱ्यातल्या टेहळणीच्या घुमटीखाली दगडात गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. झिजलंय, शोधावं लागतं. मुलीला कामाला लावा. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा यानं पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला गेंडा भेट दिला, तो गोव्याहून 1515 च्या जानेवारीत जहाजावर चढला आणि 20 मे ला लिस्बनला उतरला, बुरुजाचं बांधकाम चालू असतानाच. रोमन काळानंतर युरोपात आलेला तो पहिला जिवंत गेंडा. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळाला. पुढे पोपला भेट म्हणून पाठवताना जहाज इटलीच्या किनाऱ्यालगत बुडालं. जर्मन चित्रकार ड्यूररनं तो कधीच पाहिला नव्हता, पण एका पत्रावरून आणि रेखाटनावरून त्यानं केलेलं चित्र युरोपभर गाजलं.

वाटेत जहाजाच्या आकाराचं शोधयात्रांचं स्मारक लागेल. ते 1960 चं, हुकूमशाहीच्या काळातलं, साम्राज्याचा गौरव करणारं. पुढच्याच वर्षी गोवा त्यांच्या हातून गेला. हे माहीत असलं की त्या ताठ मानेच्या पुतळ्यांकडे बघण्याची नजर बदलते.

बेलेमच्या प्रसिद्ध पेस्ट्रीच्या दुकानात, जे 1837 पासून चालू आहे, रस्त्यावरच्या रांगेत उभे राहू नका. ती बांधून नेणाऱ्यांची असते. आत जाऊन टेबल घ्या, खोल्यामागून खोल्या आहेत. वरून दालचिनी भुरभुरून गरम खायचं. त्यात अंडं आहे, सासूबाईंना आधी सांगा.

शाकाहाराचं बाकी सांगते. भाज्यांचं सूप सगळीकडे मिळतं, पण काल्दु व्हेर्दी या हिरव्या सूपात सॉसेजची चकती असते. कॅफेच्या काचेत समोसे दिसतील, ते बहुतेक मांसाचे असतात. रोजचं जेवण मार्तिं मोनीश भागात सोडवा, भारतीय, नेपाळी, बांगलादेशी खानावळी तिथे ओळीनं आहेत. आणि इतरत्र टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं, त्याचे पैसे लागतात. नको असेल तर लगेच परत पाठवा, कोणी रागावत नाही.

अठ्ठावीस नंबरच्या ट्रामचा हट्ट असेल तर सकाळी लवकर कांपू द औरिकच्या टोकावरून बसा, जागा मिळते. दुपारी ती खिसेकापूंची ट्राम असते, पासपोर्ट हॉटेलात ठेवा. त्याहून मी म्हणेन की एका संध्याकाळी काइश दु सोद्रेवरून पलीकडच्या कासिल्याशला जाणारी साधी प्रवासी बोट घ्या. दहा मिनिटांचा प्रवास, मेट्रोच्याच कार्डावर, चढ नाही, पायऱ्या नाहीत, आणि सगळ्या टेकड्या एकदम समोर येतात. गामाची जहाजं परत आली ती याच पाण्यातून. कार्ड मात्र प्रत्येकाला वेगळं लागतं, एकावर पाच जण चालत नाही.

सोमवारी पोर्तोची गाडी ओरिएंत स्टेशनला न पकडता सांता आपोलोनियाहून पकडा. गाडी तिथूनच सुटते, बॅगा चढवायला वेळ मिळतो, आणि बायशातून ते जवळही आहे. सासू-सासरे पासष्टीच्या पुढे असतील तर रेल्वेच्या तिकिटात निम्मी सवलत आहे. तिकीट काढताना तसं निवडा, आणि वयाचा पुरावा म्हणून त्या दिवशी पासपोर्ट हाताशी असू द्या.